बाथचं पाणी आणि आमचा नळ

मस्कतच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की नळाला कढत पाणीच येतं. म्हणून मस्कतमधल्याच दार्सैत भागातल्या आमच्या घरात गिझर बंद ठेवून त्यात निवलेल्या पाण्याने अंघोळ करतो, आणि मी रोज त्या नळाला शिव्या घालते.

यंदा दोन दिवस इंग्लंडमधल्या बाथ या गावी, गरम झऱ्यावर रोमन लोकांनी बांधलेली जुनी स्नानगृहं बघायला गेलो. तिथे जमिनीतून वाफाळतं हिरवं पाणी आपसूक वर येत होतं. त्यात न्हाणारे रोमन कधीच गेले, पाणी मात्र थांबलं नव्हतं. माझे हात नकळत जोडले गेले.

"अगं, आपल्या नळालाही असंच येतं," नवरा म्हणाला. मी डोळे वटारले.

घरी परतल्यावर नळ सोडला. चटका बसला, पण शिवी काही तोंडातून निघेना.