रोवण्यातला पास्ट टेन्स

भाच्याचा फोन आला तेव्हा मी आणि बायको नागभीडच्या वाटेवरच होतो. "आत्या, बाबा गेले." निघालो होतो आजारी दादांना भेटायला, त्यामुळे अंगणात रडणाऱ्या बायकांच्या मधोमध मी केळ्यांची पिशवी धरून उभा! ठेवावी कुठे, द्यावी कुणाला... शेवटी एका म्हातारीनं ती माझ्या हातून काढून घेतली. "बसा जावईबापू," म्हणाली. इतकी वर्षं झाली, तरी त्या घरी माझं काहीतरी असंच व्हायचं.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, कुंदाचे, थोरले भाऊ. आईवडील लवकर गेले, तिला वाढवलं दादांनीच. गावच्या शाळेत ते इंग्रजीचे मास्तर. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला की पोरं आईबापासोबत चिखलाच्या बांधीत, आणि वर्ग रिकामा. मग दादाच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहायचे. रोवणारा माणूस वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, लावत मागे मागे सरकतो. दादांनी सगळं व्याकरण त्यावरच बसवलं होतं. "समोर काय दिसते रे? लावून झालेले परे. तो पास्ट, आय प्लान्टेड. हातातला परा चिखलात जाऊन राह्यला, तो प्रेझेंट, आय अ‍ॅम प्लान्टिंग." जो चुकला त्याच्या पाठीवर धुऱ्यावरून चिखलाचा गोळा! लग्नानंतरच्या पहिल्या रोवण्यात मीही हौसेनं उतरलो. आम्ही कोरपन्याकडचे कापूसवाले. कापूस वेचणारा पुढे चालतो, तसा मीही परे लावत पुढे चाललो, आणि लावलेलं सगळं आपल्याच पायांनी तुडवत गेलो. पाठीत गोळा बसला. "जावईबापू, आपलाच पास्ट टेन्स काऊन तुडवून राह्यले?" बायका इतक्या हसल्या की रोवणा थांबला.

अशा बोलक्या माणसाला लकवा झाला आणि वाचा गेली. कुंदा भेटून आली ती गप्पच. जेवायला बसायची आणि ताट सरकवून उठायची. "त्यानं मले ओळखलं नाई," एवढंच म्हणायची. "बिमारीत होते तसं," मी समजवायचो. "तुमाले नाई समजत... बाप म्हना, माय म्हना, तोच हाये मले."

आमची शेवटची भेट यंदाच्या रोवण्यातली. दादांची बाज धुऱ्याजवळ मोहाच्या सावलीत टाकलेली, नजर कुठेतरी लांब. मी पायाशी बसलेलो. कुंदा पदर खोचून बांधीत उतरली. थोड्या वेळानं कालच्या लावलेल्या ओळींकडे हात करून मोठ्यानं ओरडली, "दादा, यस्टरडे आय प्लान्ट!" मला वाईट वाटलं. दुःखानं बिचारी एवढंही विसरली... दादांची नजर हळूहळू खाली आली, कुंदावर थांबली. चालता हात बाजेखाली गेला, ओल्या मातीत चाचपडला, आणि गोळा सुटला. नेम मात्र पार हुकला. बसला माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर! दादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. भुवई वर करून ते तिच्याकडेच बघत होते, वर्गात बरोबर उत्तराची वाट बघायचे तसे. "प्लान्टेड, दादा... प्लान्टेड!" कुंदा चिखलातच बसून हसत होती, रडत होती. दादांचं अर्धं तोंड हसलं.

त्या दिवशी कुंदा दादांच्या बाजेशेजारी बसून पोटभर जेवली. पुढे दादा गेले तेव्हा रडली खूप, पण छातीवरचा तो धोंडा उतरलेला होता. तेरवी आटोपून परत येताना मी म्हणालो, "बरं झालं कुंदा, त्या दिवशी तू चुकली."

"मी चुकली?" ती म्हणाली. "दहावीले इंग्रजीत तुमच्याहून जास्त मार्क होते मले. नावानं हाका मारून पाह्यल्या, हात धरून पाह्यला... मंग म्हटलं, आपण चुकल्यावर दादा चूप बसन का?"