इंचाशी वैर धरलेले सर

बीड जिल्ह्यात इंच, फूट, एकर आणि फॅरनहाइट या चौघांविरुद्ध एकट्याच्या बळावर युद्ध पुकारणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत असे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि मी पदार्थविज्ञान. सगळे त्यांना केमिस्ट्रीचे सर म्हणत, पोरं पाठीमागे 'सेंटीमीटर सर' म्हणत. मला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "फिजिक्स, चहा घेणार का?" असं विचारत, जणू अख्खा विषयच त्यांच्यासमोर बशी धरून बसला आहे.

मीटर-किलोग्रॅम ही त्यांच्या दृष्टीने नुसती मोजमापाची पद्धत नव्हती, तो चारित्र्याचा प्रश्न होता. एखाद्या पोराने सुट्टीसाठी "सर, शंभर ताप हाय" म्हटलं की ते गरजत, "शंभराला पाणी उकळतं बे! तू उकळतोयस का? वाफ दाखव!" आणि मग त्याच पोराला स्वतःच्या स्कूटरवर घालून दवाखान्यात नेत. बसमध्ये शेजारी बसलेल्या नेकनूरच्या एका म्हाताऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की आपली दोन एकर जमीन आहे. "शून्य दशांश आठ हेक्टर म्हणा," सर म्हणाले. म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसला आणि उतरताना दुखावल्या आवाजात म्हणाला, "कावून कमी केली वो माझी जमीन? मी तुमचं काय घेतलं?" पँट शिवायला टाकताना त्यांनी टेलरला कंबर एक्क्याण्णव सांगितली, तेव्हा तो टेप गळ्यात तसाच ठेवून म्हणाला, "सर, एवढ्या पँटीत तर तुमचं सगळं स्टाफरूम बसंल."

मी कधी कधी मुद्दाम फुटाची बाजू घेई. "फूट म्हणजे पाय, सर. माणसाच्या अंगातलं माप आहे." ते लगेच चप्पल काढून पाय टेबलाखालून पुढे करत. "कुणाचा पाय? विलायतेच्या राजाचा! माझा कावून न्हाई? माझ्या पायाला काय झालंय?" याला उत्तर होतं ते फक्त त्यांच्या घरी. वहिनी घरी ब्लाऊज शिवत आणि सगळं इंचात शिवत. शिलाई मशीनवरची मान वर न करता त्या म्हणत, "इंच म्हंजे अंगठ्याचं पेर, भाऊजी. यांना म्हणावं सेंटीमीटरचं पेर दाखवा." सर आपल्या करंगळीकडे बराच वेळ बघत राहत आणि मग पेपर उघडत.

या माणसाचं जगात ज्या एका वस्तूवर निरपेक्ष प्रेम होतं ती म्हणजे प्रयोगशाळेतली हॉटप्लेट स्टिरर. दिसायला साधा डबा. वर गरम होणारा तवा, पोटात फिरणारं लोहचुंबक आणि पुढे दोन बटणं, एक तापमानाचं, एक वेगाचं. काचेच्या बीकरमध्ये पातळ काही ओतायचं, त्यात बोटाच्या पेराएवढी पांढरी चुंबकाची गोळी सोडायची आणि बटण फिरवायचं. हात न लावता गोळी तळाशी गरगर फिरू लागते, पाण्यात भोवरा पडतो. गेली कित्येक वर्षं रोज बघूनही सरांच्या तोंडातून "आहाहा" निघत असे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार, एरवी वहिनींच्या जुन्या साडीचं पांघरूण. एकदा शिपायाने तिच्यावर चहाची किटली ठेवली, तर सर त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. वीज गेली आणि गोळी थांबली की ते काचेची कांडी घेऊन स्वतः ढवळत बसत आणि वीज आली की तिची माफी मागावी तशा सुरात म्हणत, "घे, आता तू घे."

दिवाळी झाली की आमच्याकडचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. मग बाकं रिकामी. हजेरी घेताना आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. सर या पोरांची प्रॅक्टिकलं दिवाळीआधीच घाईघाईने उरकून घेत आणि ती परत आली की भर उन्हाळ्यात, पंखा नसलेल्या खोलीत, तीच प्रॅक्टिकलं पुन्हा करून घेत. त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पण संस्थेच्या अध्यक्षांना हिवाळ्यातली रिकामी बाकं तेवढी दिसली आणि त्यांनी ठरवलं, सायन्स बंद. प्रयोगशाळेच्या जागी सभागृह.

अध्यक्ष म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पांढरे कपडे, भारदस्त आवाज, आणि पुढे-मागे नेहमी दोन गाड्या. त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता. सरांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. "जेवताना माणूस ऐकतो," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून अध्यक्षांना कढी फार आवडते अशी खबर मिळाली आणि तिथेच सगळं बिघडलं. वहिनींची कढी कधी कधी फुटे. सरांचं निदान ठरलेलं होतं: आच एकसारखी नाही आणि ढवळणं सतत नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. मागे मी, आणि माझ्या मांडीवर साडीत गुंडाळलेली हॉटप्लेट. रस्त्यात भेटलेल्या माणसाने "बाळ कुणाचं?" असंही विचारलं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवा कोरा बीकर चढला. ताक-बेसन ओतलं, गोळी सोडली, बटणं फिरली. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ऐंशी अंश," सर हळूच म्हणाले. कढी अशी काही जमून आली की वहिनींनीही बोट बुडवून चाखली. रेशमासारखी. मग फोडणी पडली, पानं मांडली, अध्यक्ष आले, आणि सरांनी सायन्सचा विषय काढायला घसा खाकरला. तेवढ्यात अध्यक्षांनी वाटी तोंडाला लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तोंडात बोट घातलं, एक पांढरी गोळी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"सर," ते अतिशय शांतपणे म्हणाले, "ही गोळी जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर?"

सरांचा चेहरा पिठासारखा झाला. मला तर प्रयोगशाळेच्या जागी उभं राहिलेलं सभागृहच दिसू लागलं. पण वहिनी पुढे झाल्या. त्यांनी ती गोळी अध्यक्षांच्या हातातून घेतली, धुतली आणि म्हणाल्या, "ती औषधाची न्हाई, दादा. तिनंच कढी हलवलीय. या, दाखवते." आणि ज्या बाईने जन्मभर सरांच्या सेंटीमीटरची टिंगल केली, तिने अध्यक्षांना ओट्यापाशी नेऊन बीकरभर पाण्यात ती गोळी फिरवून दाखवली. अध्यक्ष खरकटा हात तसाच धरून बघत राहिले. "आयला," ते म्हणाले, "ह्ये फिरतंय कशानं?" मग सर बोलू लागले. चुंबकावरून ते पोरांवर आले. "दादा, हिवाळ्यात पोरं नसत्यात, ते खरं हाय. पण ती परत येत्यात. कोयत्यानं हात फाटलेले असत्यात, तरी येत्यात. आल्यावर त्यांना हे दिसलं न्हाई तर ती कशापायी येतील?"

अध्यक्ष पुन्हा पानावर बसले आणि आणखी एक वाटी कढी मागून घेतली. वाटी आधी नीट ढवळून बघितली. "चालू ठिवू सायन्स," ते म्हणाले. "नवी खोलीबी बांधून देतो. पण अट एकच. मिस्त्रीच्या मापात तुमी तोंड घालायचं न्हाई."

अटीला कारण होतं. मागे कंपाउंड बांधताना सरांनी मिस्त्रीला "गेट तीन ठेवा" असं सांगितलं होतं. सरांच्या मनात मीटर, मिस्त्रीच्या मनात फूट. तेव्हापासून पाण्याचा टँकर रस्त्यावरच उभा राहतो आणि पाइप भिंतीवरून आत येतो. "फूट मी म्हणालोच न्हवतो," असं सर अजूनही सांगतात.

बांधकाम सुरू झालं. सर रोज तिथे जात, ओठ घट्ट मिटून उभे राहत आणि वीस फूट, तीस फूट हे शब्द कानावर पडले की डोळेही मिटून घेत. मिस्त्री तसा जुन्या रागाचा धनी. एके दिवशी अध्यक्ष आलेले बघून त्याने मुद्दाम हाक मारली, "सर, लॅबचा कट्टा किती उंच घिऊ?"

सगळे थांबले. मी सरांकडे बघेना. सरांनी एकदा अर्ध्या उठलेल्या भिंतींकडे बघितलं, एकदा अध्यक्षांकडे. "तीन," ते म्हणाले, आणि मग, कडू औषध गिळावं तसं, "फूट." एवढं बोलून ते नळावर गेले आणि खळखळून चूळ भरली.

अध्यक्ष हसले, पण मिस्त्री हसला नाही. दुसऱ्या दिवशी सर आल्यावर तो कट्ट्याला नवा टेप लावून म्हणाला, "सर, ह्ये बघा. फूट न्हाई घेतलं. सेंटीमीटरात घेतलंय. नव्वद."

सरांचे डोळे भरून आले. ते वाकले, टेप निरखला आणि म्हणाले, "लई चांगलं केलंत. पण एक्क्याण्णव दशांश चार पाहिजे हो."

त्या खोलीत सरांनी मन भरून शिकवलं आणि परवा ते निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, अध्यक्षांनी भाषणात कढीचा किस्सा रंगवून सांगितला आणि त्यात स्वतःला बरंच शूर दाखवलं. समारंभ संपून माणसं पांगली तेव्हा उन्हं उतरली होती. सर मला म्हणाले, "फिजिक्स, जरा लॅबमधी चला."

त्यांनी हॉटप्लेटवर साध्या पाण्याचा बीकर ठेवला, गोळी सोडली आणि चालू केली. आम्ही दोघं बघत बसलो. पाणी तापलं, वाफ धरू लागलं, तसं त्यांनी बटण बंद केलं, चिमट्याने गोळी काढून पुसली आणि बीकर उतरवून ठेवला.

"निघू या?" मी विचारलं.

"थांबा, पांघरूण घालून जातो. जरा निवू द्या तिला."

आम्ही बसून राहिलो. बाहेर शिपाई वर्गांना कुलपं लावत फिरत होता. बऱ्याच वेळाने मी तव्यावर हात ठेवून बघितला. तो केव्हाच गार झाला होता.

सरांनीही हात ठेवला. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "अजून गरम हाय. बसा थोडं."

मी बसलो.