लॅपटॉपखालची चिठ्ठी

धानोऱ्याच्या आमच्या शाळेतला लिनक्सचा लॅपटॉप बिघडला की गावातला एक दुरुस्ती करणारा पोरगा यायचा. कीबोर्डला हात लावायच्या आधी स्क्रीनवरच्या एररची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायचा. मी घाई केली की म्हणायचा, "थांबा न सर, काय झालं ते तोच सांगून राह्यला न."

एका अपडेटनंतर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर सारखा क्रॅश व्हायला लागला. त्यानं जुनं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा अपडेटच्या आधीचा गाभा, लावून वायफाय सुरू केलं आणि नेहमीसारखी लॅपटॉपच्या पोटाला चिठ्ठी डकवली: 'अपडेट करू नका.'

तपासणीला साहेब येणार म्हणून ती कळकट चिठ्ठी मी खरवडून काढली. साहेबांसमोर अपडेटही मीच दाबलं. वायफाय गेलं.

"कोणी हात लावला होता याला?" साहेबांनी विचारलं.

मी त्याचं नाव सांगितलं. खोटं नव्हतं ते, म्हणून तर तोंडातून सहज निघालं.

साहेबांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर झापलं. त्यानं लॅपटॉप उलटा केला, डिंकाच्या डागावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तासात वायफाय सुरू करून तो उठला.

"चिठ्ठी नाही लावत?" मी हळूच विचारलं.

"काऊन सर? तुमाले तर पाठ हाये न."