लावून देणारा

साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले, तरी फाटक वाजलं नाही. मी बूट घालून, काठी धरून ओट्यावर उभा, आणि मनातल्या मनात सुखदेवला शिव्या घालत होतो. अडीच वर्षांत हा माणूस एकदाही उशिरा आला नव्हता. पाऊस असला तरी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन हजर. सहाच्या सुमारास त्याच्या घरून फोन आला. कौसल्यावहिनी एवढंच म्हणाल्या, "बाबूजी, ते उठलेच नाही." मी फटकन बोललो, "मग उठवा ना त्याला, मी केव्हाचा ताटकळतो आहे." पलीकडून रडण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झोपेतच गेला होता. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. पण खरं सांगायचं तर सुखदेव ऐकता तर पोट धरून हसला असता.

कारंज्याच्या धान्य बाजारात मी कारकून होतो आणि तो हमाल. माझी खुर्ची खिडकीशी, त्यामुळे वीसेक वर्षं मी त्याला रोज पाहिलं, म्हणजे त्याच्या पाठीवरचं पोतं पाहिलं. तूर, सोयाबीन, हरभरा. मान खाली, गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी आणि भरभर, फळीवरून ट्रकमध्ये आणि परत. मूळचा धनज गावचा, पोटापाण्यासाठी कारंज्याला आला आणि इथलाच झाला. मी निवृत्त झालो, वर्षभरात त्यानंही काम सोडलं, आणि आमच्या कॉलनीच्या मागे त्यानं दोन खोल्या बांधल्या. एका सकाळी मी डॉक्टरच्या धाकानं फिरायला निघालो होतो, तर हा फाटकापाशी उभा. "जयभीम बाबूजी. घरी बसून आंग आंबून राह्यलं. येऊ का तुमच्यासंगं?"

त्या पहिल्या दिवसाचा तमाशा मी कधी विसरणार नाही. शाळेच्या मैदानाला लोक गोल फेऱ्या मारतात. सुखदेव मात्र मैदानाच्या फाटकापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत सरळ जायचा, तिथे खांदा एका बाजूला झटकायचा, हाशहुश करायचा आणि सरळ परत यायचा. मान खाली, पाठ वाकलेली, पावलं छोटी आणि भरभर. चार-पाच वेळा पाहिलं आणि मला हसू आवरेना. "अरे सुखदेव, पाठीवर पोतं कुठे आहे?" तो थबकला. मागे हात नेऊन त्यानं खरंच आपली पाठ चाचपली. मग मैदानाच्या मधोमध उभा राहून इतका हसला की फिरणारे लोक थांबून पाहू लागले. "घ्या आता. मी तं खेपा करून राह्यलो बाबूजी. झाडाले ट्रक समजलो."

त्यानंतर तो सरळ चालायला शिकला. शिकला म्हणजे शब्दशः शिकला, मूल शिकतं तसा. महिनाभर मी त्याच्या मागे, "मान वर, मान वर." एका सकाळी तो रस्त्यात थांबला आणि जैन मंदिराच्या कळसाकडे पाहतच राहिला. म्हणाला, "हे इतकं उच्च हाय का? चाळीस वर्सं याच्या खालून गेलो, पाह्यलं नव्हतं." मी म्हटलं, पाहायचं होतं, कोणी अडवलं होतं? माझा स्वभावच तसा, नको तिथे तोंड उघडतो. तो रागावला नाही. "पाठीवर क्विंटल असल्यावर मानूस आपला अंगठा पाह्यते बाबूजी, कळस नाही." आणि मग जे म्हणाला ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "इतके वर्सं हे आंग दुसऱ्याचं पोतं वाह्यासाठी चाललं. आता त्याचं त्याले चालू देऊ. पाहू त्याले काय आवडते ते."

आणि त्याच्या अंगाला काय काय आवडायचं! नाल्यावरून उडी मारायला आवडायचं. पळस फुलला की गावाबाहेर पार शेताच्या धुऱ्यापर्यंत जायला आवडायचं. फिरून आलं की तो दोन्ही गुडघ्यांवर थाप मारायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं म्हणायचा, "लई उपकार बापू तुमचे." मला ते नाटक वाटायचं. गुडघ्यांचे कसले उपकार? गुडघे आहेत, चालणारच.

मग मला लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आलो तो पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. डॉक्टर म्हणाले, पाय येईल, पण चालावं लागेल. बसून राहिलात तर बसलात. मी बसून राहिलो. रडायचो, बायकोवर खेकसायचो, भेटायला येणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत दुखणं सांगायचो. सुखदेव आला तो बसलाच नाही. खुर्चीसमोर उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला. "उठा." मी म्हटलं, जमत नाही. म्हणाला, "काहून नाही जमत?" मी त्याला नाही नाही ते बोललो. तुझं काय जातं, तुझं अंग धडधाकट आहे, चालता हो माझ्या घरातून... तो हात तसाच धरून उभा. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "बाबूजी, तुमी इतके साल खिडकीतून पाह्यलं, पन एक गोष्ट नाही पाह्यली. पोतं कोनी एकटा उचलत नाही. पाठीवर लावून द्याले दुसरा मानूस लागते. एकदा लागलं का मंग ज्याचं त्यानं न्यावं. मी लावून देतो. चाला, एकच खेप."

ती पहिली खेप दारापर्यंत होती. दुसऱ्या दिवशी ओट्यापर्यंत, पंधरा दिवसांनी फाटकापर्यंत. मैदानातला कडुलिंब गाठायला उन्हाळा लागला. त्याच्या पुढचा नाल्यावरचा पूल गाठला तेव्हा माझ्या बायकोनं शेजारीपाजारी पेढे वाटले. त्या पुलाचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. सुखदेव खांद्यावरचं बारदान, त्याचंच जुनं रिकामं पोतं, घडी करून त्यावर टाकायचा आणि मला बसवायचा. बसणं सोपं होतं, तिथून उठणं म्हणजे डोंगर. मग त्याचा उजवा हात पुढे यायचा, मी तो धरायचो, "हां... लागलं," असं तो म्हणायचा, आणि मी उभा. अडीच वर्षं, रोज, असंच. परत आलो की आमच्या ओट्यावर चहा. गेल्या वर्षापासून तो कप डाव्या हातानं धरायला लागला होता. मी टोकलं तर म्हणाला, "याले बी कामाची सवय लावून राह्यलो. लई वर्सं फुकट खाल्लं यानं." मी हसलो आणि विसरलो.

तो गेल्यावर मी फिरणं सोडलं. विहारातला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक दोन शब्द बोलले, मला उठून बोलता आलं नाही. त्यानंतर तीन आठवडे पुन्हा तीच खुर्ची. बायकोला सरळ सांगितलं, त्या पुलावरून मला उठवणारा राहिला नाही, आता माझं चालणं संपलं. तिनंच निरोप दिला असावा, कारण दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. हातात ते बारदान, धुतलेलं, घडी केलेलं.

"हे तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. मी माझं रडगाणं सुरू केलं. त्याच्या हातात काय जोर होता वहिनी, एका हातानं उचलायचा मला... वहिनींनी मला मध्येच थांबवलं.

"कोन्त्या हातानं?"

"उजव्या."

"बाबूजी, तो खांदा तं मांगच्या उन्हाळ्यातच गेला होता त्याइचा. हात वर नव्हता जात. सदरा मी घालून देत होती. चहाचा कप पेलवत नव्हता, अन् तुमाले काय उचलतीन?" मग हळूच म्हणाल्या, "म्या म्हनलं, बाबूजीले सांगा. तं म्हने, नोको. त्याइले माईत झालं तं ते बसून जातीन."

त्या गेल्यावर मी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत बसलो. म्हणजे वर्षभर, रोज सकाळी, त्या कठड्यावरून मला कोणी उठवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी बाहेर पडलो. एकट्यानं पूल गाठला. कठड्यावर बारदान टाकलं, बसलो. सवयीनं उजवा हात पुढे गेला आणि तसाच राहिला. समोर रस्ता मोकळा, लांबवर कळसावर ऊन येत होतं. "लागलं," असं मीच म्हटलं आणि जोर लावला. पहिल्यांदा मागे बसलो. दुसऱ्यांदा उभा राहिलो. बारदान झटकून खांद्यावर टाकलं, वाकून दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हटलं, "लई उपकार बापू तुमचे." दूधवाला सायकल हळू करून माझ्याकडे पाहू लागला. त्याला वाटलं असेल, म्हातारा गुडघ्यांशी बोलतो आहे. मी सुखदेवशी बोलत होतो.