व्हर्लिनचं नाक

याकिमा गावात घरी बिअर गाळणाऱ्यांच्या मंडळात व्हर्लिनच्या नाकाची दहशत होती. बिअरला वास देणारी हॉप्सची फुलं तो तळहातावर चोळून हुंगायचा आणि पेल एल या फिक्या बिअरमध्ये कुठली पडणार ते सांगायचा. नवख्यांची बिअर तो सगळ्यांदेखत मोरीत ओतायचा. मंडळातल्या डार्लाच्या बिअरला तर ओल्या कुत्र्याचा वास येतो म्हणाला होता. बायकोच्या, नोरीनच्या, सूपलाही तो रोज नाक मुरडायचा.

हिवाळ्यात ताप आला आणि त्याची वास घ्यायची शक्ती कायमची गेली. हे फक्त नोरीनला ठाऊक होतं.

गॅरेजमध्ये भरलेल्या यंदाच्या बैठकीत डार्लानं त्याच्यापुढे मूठभर फुलं ठेवली. "तूच सांग बाबा, आम्हाला कुठलं कळतंय."

व्हर्लिननं फुलं चोळली आणि डोळे मिटून हुंगली. "संत्र्याची साल. ताजा माल आहे. उकळी संपता संपता घाला."

"तीन वर्षं बॉयलरवर पडून होती ती," डार्ला म्हणाली. "घामट मोज्यांसारखी घाण मारतायत. डोळे उघड की जरा."

त्यानं डोळे उघडले. अख्खं गॅरेज नाक धरून बसलं होतं. नोरीनसुद्धा. आणि हसू आधी फुटलं ते तिलाच.