गिन्स्टरच्या दोन शेंगा

जर्मनीत डार्मश्टाटला आम्ही भाड्याने राहतो त्या घराच्या मागच्या अंगणात एक झुडूप आहे. घरमालकीणबाईंनी ते इटलीहून आणून लावलं. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या आणि त्यांवर पिवळीधमक फुलं. बाई त्याला ‘गिन्स्टर’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. सगळी नोकरी कॉलेजात बॉटनी शिकवण्यात गेलेली. एका दुपारी मी वर मीटिंगमध्ये असताना त्यांनी खालून हाक मारली. तो आवाज ऐकूनच मी लॅपटॉप टाकून पळाले. माझी चार वर्षांची लेक झुडपापाशी बसली होती. ओठांवर हिरवा चोथा, मुठीत अर्धवट चावलेली शेंग.

“किती खाल्ल्यास?”

“नुअर त्स्वाय, ममा.” जर्मनमध्ये ‘दोनच’ म्हणाली.

मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “कुठलं झाड?”

“गिन्स्टर.”

“हे बघा, गिन्स्टर पुष्कळ आहेत. लॅटिन नाव सांगता येईल?”

घरमालकीणबाई सुट्टीवर गेलेल्या.

“अहो आई, नाव काय ह्याचं?”

त्यांनी एक काडी मोडून दोन बोटांत फिरवली. “गोल आहे, कंगोरे नाहीत. इथला जंगली गिन्स्टर नव्हे हा. सांग तिला, स्पार्टियम जुन्सियम. काड्या लव्हाळ्यासारख्या, म्हणून जुन्सियम.”

मी एकेक अक्षर सांगत गेले. ‘जुन्सियम’ला दोनदा चुकले.

“उलटी करायला लावू नका. लगेच मुलांच्या हॉस्पिटलमध्ये न्या,” फोनवरच्या बाई म्हणाल्या.

टॅक्सीत लेकीला एकदा उलटी झाली. तिचे ओठ पांढरे पडलेत असं मला सारखं वाटत होतं. डॉक्टरांनी तिला मॉनिटर लावला आणि काही तास थांबायला सांगितलं. मी पडद्यावरच्या ठोक्यांच्या आकड्यावरून नजर हलवली नाही.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “मीच शेंग सोलून दाखवली गं तिला. आत दाणे कसे रांगेत असतात ते. तेवढ्यात माझा फोन वाजला, आणि मी पाठ फिरवली.”

‘असू दे’ म्हणायचं होतं. त्याऐवजी मी मशीनमधून चहा आणून त्यांना दिला. त्यांनी कप नुसता हातात धरून ठेवला.

संध्याकाळी लेकीने नूडल्स मागितल्या आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. बाहेर पडताना तिने आजीचा हात धरला. मी तो सोडवला नाही, पण तिचा दुसरा हात घट्ट धरून चालत राहिले.