पिंपाचं बूच

सौदीत पब नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या इंग्रज साहेबाला ते मान्य नव्हतं. ताइफच्या कंपाउंडमध्ये बडे लोक राहायचे. तिथल्या क्लबहाउसच्या कोपऱ्यात त्याने लाकडी काउंटर ठोकून घेतला आणि त्यावर विलायतेहून आणलेला पितळी हातपंप बसवला. बसवला म्हणजे मी बसवला. मी कंपनीचा प्लंबर, गाव गुहागरकडचं.

पंपातून यायची ती सोबिया. जवाचा पाव आंबवून केलेली, वेलची-दालचिनी घातलेली, रमजानात इथे रस्तोरस्ती मिळते. आपल्या आंबिलीची सावत्र बहीण, नशा शून्य. आम्हा कामगारांच्या कॅम्पच्या मेसमधले दापोलीचे चाचा ती बनवायचे आणि पिंपात भरून द्यायचे.

साहेबाचा बाप त्याच्या गावात पब चालवायचा. तिकडच्या एका मोठ्या बिअर कंपनीने गावची छोटी भट्टी विकत घेतली, बंद केली आणि तिचं नाव आपल्या कारखान्यातल्या बिअरला चिकटवलं. देव गेला, पाटी राहिली. "पिंपातली बिअर जिवंत असते, आत आंबत राहते, त्यांची मेलेली!" साहेब टेबल आपटून सांगायचा. आम्हाला हसू यायचं. आमच्या कॅम्पात मोठी कंपनी म्हणजे खात्रीचा माल, सीलबंद डबा, दात शिवशिवतील इतका गार. साहेबाची जिवंत सोबिया कायम कोमट. मी तोंडावर वाहवा करायचो, पण दुसरा ग्लास कधी मागितला नाही.

मी जायचो ते स्टुलासाठी. कॅम्पातल्या माणसाला हातात पाना असल्याशिवाय कंपाउंडात कोण घेतो? त्या काउंटरपाशी मात्र मी साहेबाच्या शेजारी बसायचो आणि तो माझ्या पोरीची शाळा, घरचे आंबे, सगळं विचारायचा. अख्ख्या सौदीत मला इतकं कोणी विचारत नव्हतं.

मग कंपाउंडच्या मॅनेजरला एका मोठ्या कंपनीने शीतपेयाच्या डब्यांनी भरलेला फ्रिज फुकट देऊ केला, आणि त्याला नेमका तोच कोपरा हवा झाला. साहेब म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी एकदा पिऊन बघा, मग ठरवा." काउंटर गेला की माझं स्टूल गेलं. म्हणून मी आदल्या दिवशीच जाऊन पंप घासूनपुसून लख्ख केला. बघतो तर काउंटरमागच्या पिंपाच्या माथ्यावरचं बूच फुसफुसतंय, फेस बाहेर येतोय. प्लंबरला गळती दाखवणं म्हणजे आईवरून शिवी देणं. मी भरपूर टेफलॉन टेप गुंडाळली आणि बूच पान्याने मरेस्तोवर आवळलं. फुसफुसणं थांबलं. माझी छाती फुगली. आतून पिंपही फुगत होतं, ते मला कळलं नाही.

शुक्रवारी मॅनेजर परीटघडीचा शर्ट घालून आला. साहेबाने लहानसं भाषण ठोकून पंपाचा दांडा धरला, आणि धाडकन बूच छताला लागलं. सोबियाचं कारंजं मॅनेजरच्या डोक्यावरून खाली आलं. त्याच्या भुवईवर वेलचीचं साल चिकटलं होतं.

"अरे गाढवा," दारातून चाचा ओरडले, "आंबिलीच्या मडक्याचं तोंड कधी आवळून बंद करतात काय?"

"खलास," मॅनेजर म्हणाला. रविवारी फ्रिज आला.

साहेबाने पंप सोडवला आणि घरी नेला. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी आठवडाभर मान खाली घालून पाइप जोडले.

पुढच्या शुक्रवारी मगरिबच्या नमाजानंतर कॅम्पचा वॉचमन धावत आला, गेटवर साहेब उभा आहे म्हणून. पितळी पंप त्याच्या काखेत होता. मेसमधून चाचा नवं पिंप घेऊन निघालेच होते.

"कुठे बसवतोस?" साहेबाने विचारलं.

कपडे धुवायच्या कट्ट्यावर बसवला. स्टूल नव्हतं, साहेब उलट्या बादलीवर बसला. जरा वेळाने बूच फुसफुसू लागलं आणि माझा हात आपोआप पान्याकडे गेला. साहेबाने पाना काढून घेतला, बादलीखाली सारला आणि वर पुन्हा बसला.

"गळू दे," तो म्हणाला.

सोबिया कोमटच होती. मी दुसरा ग्लास मागितला.